आधी पाय जमिनीवर, मग स्प्रे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भोसरी एमआयडीसीत दुसरी पाळी, रात्री साडेअकराला सुटी, तिथून दिघीमार्गे विश्रांतवाडीपर्यंत सायकल. मॅगझिन चौकाच्या पुढे चार-पाच कुत्री रोज मागे लागतात, एकाने तर पँटचा पायच फाडला. तुम्ही मेडिकलमधून पेपर स्प्रे आणलाय आणि विचारताय की चालत्या सायकलवरून तो मारायचा कसा, कुत्र्याला कायमची इजा होते का, आणि यात पोलिसांची काही भानगड होईल का.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. चालत्या सायकलवरून स्प्रे मारायचा नाही. वेग कमी असला तरी नाही, रस्ता रिकामा असला तरी नाही. मी पुण्यात २२ वर्षं सायकल चालवते आहे आणि त्यातली बरीच वर्षं नव्या लोकांना रस्त्यावर सायकल चालवायला शिकवण्यात गेली. कुत्र्यांमुळे जायबंदी झालेले जे सायकलवाले मी पाहिले, त्यांतले बहुतेक चावल्यामुळे नव्हे, पडल्यामुळे जायबंदी झाले. मनगट, कॉलरबोन, गुडघ्याची वाटी, पुढचे दात. कुत्रं निमित्त होतं. डांबरावर आपटवतो तो आपणच घाबरून दिलेला एखादा हिसका. खिशातून डबी काढायची, अंगठ्याने तिचं लॉक सरकवायचं, मान वळवून नेम धरायचा, आणि हे सगळं एका हाताने हँडल सांभाळत. त्यात एका ब्रेकवरचा हात आधीच गेलेला. उरलेल्या हाताखाली पुढचा ब्रेक असेल आणि तो दचकून दाबला गेला, तर माणूस हँडलवरून पुढे जातो.

वाऱ्याचाही हिशेब बघा. ताशी २२ किलोमीटरने जाताना हवा अगदी पडलेली असली तरी सेकंदाला सहा मीटर वेगाचा वारा तुमच्या तोंडावर येत असतो. कुत्रं समोरून आलं आणि तुम्ही पुढे फवारलंत, तर पुढच्याच क्षणी त्या फवाऱ्यात तुम्ही स्वतः शिरता. कुत्रं मागून आलं तर फवारा तुमच्यावर येत नाही हे खरं, पण मग मान वळवावी लागते, आणि मान जिकडे वळते तिकडे सायकल जाते. रात्रीच्या आळंदी रस्त्यावर उजवीकडे हातभर सरकणं म्हणजे मागच्या डंपरच्या वाटेत जाणं. शिवाय तो फवारा हवेत क्षणभर तरंगत राहतो आणि मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याच्या डोळ्यांत जातो. त्याचा काय दोष?

हे ऐकीव सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी जेजुरीहून परत येताना सासवडच्या अलीकडे माळावर मेंढ्यांचा कळप बसला होता. जूनचे दिवस, पश्चिमेचा वारा थेट समोरून. कळपाचं कुत्रं उठून माझ्याकडे धावलं. मेंढरांच्या आणि परक्याच्या मध्ये उभं राहणं हेच त्याचं काम, ते त्याने केलं. मी घाबरून डबी काढली आणि चालत्या सायकलवरून दाबली. कुत्र्यापर्यंत काही पोचलं की नाही मला कळलंच नाही, कारण माझेच डोळे मिटले, पुढचं चाक डांबराच्या कडेवरून खाली उतरलं आणि डावी कॉलरबोन मोडली. त्या धनगराच्या बायकोने स्वतःच्या हंड्यातलं पाणी माझ्या डोळ्यांवर ओतलं. तेवढ्या दुष्काळी माळावर तिने ते पाणी किती लांबून आणलं असेल, याचा विचार आजही येतो. मी पडल्याबरोबर कुत्रं थांबलं होतं आणि मेंढ्यांपाशी जाऊन बसलं होतं. मी नुसती ब्रेक लावून उतरले असते तरी ते तसंच जाऊन बसलं असतं.

सायकलमागे लागणारं कुत्रं बहुतेक वेळा दोन गोष्टींनी उठतं. एक, पळणारी वस्तू दिसली की तिच्यामागे धावणं त्याच्या रक्तातच आहे. दोन, रस्त्याचा तो तुकडा त्याच्या टोळीचा असतो. पळणारं चाक थांबलं की समोर माणूस उरतो, आणि माणूस त्याच्या रोजच्या ओळखीचा. म्हणून थांबणं हाच पहिला इलाज. पळ काढायचा मोह होतो, पण गल्लीतलं साधं कुत्रंही थोड्या अंतरात ताशी ३० किलोमीटरच्या पुढे जातं. पाळी करून थकलेल्या पायांनी बिनगिअरच्या सायकलवर त्याच्याशी शर्यत लावू नका. उतार असेल, रस्ता मोकळा असेल आणि कुत्री अजून लांब असतील, तर सरळ निघून गेलात तरी चालेल. एरवी थांबा.

थांबायचं कसं, यावर जरा वेळ घालवते, कारण इथेच लोक चुकतात. भुंकणं ऐकू आलं की पॅडल मारणं बंद, दोन्ही ब्रेक हळूहळू, आणि सायकल रस्त्याच्या डाव्या कडेला. उतरताना सायकल तुमच्या आणि कुत्र्यांच्या मध्ये राहिली पाहिजे. कुत्री उजवीकडून येत असतील तर सोपं आहे, नेहमीसारखे डावीकडे उतरा. ती डावीकडे असतील तर उजवीकडे उतरणं म्हणजे गाड्यांमध्ये उतरणं. अशा वेळी डावीकडेच उतरा आणि हँडल धरून सायकल फिरवा, पुढचं चाक त्यांच्याकडे करा आणि तुम्ही सीटच्या मागे उभे राहा. मग जाड, खालच्या आवाजात एकदाच ‘हाड!’ म्हणा. किंचाळू नका, बारीक, चिरका आवाज त्यांना आणखी चेव आणतो. डोळ्यांत रोखून बघू नका, पण पाठही फिरवू नका. वाकून दगड उचलल्याचा आव आणला तरी पुष्कळ कुत्री चार पावलं मागे सरतात, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. दगड मारू मात्र नका. लागला तर तेच कुत्रं उद्या तुमचीच वाट बघत बसेल. मग सायकल हातात धरून चाळीस-पन्नास पावलं चालत जा. त्यांची हद्द संपली की ती आपणहून मागे फिरतात. चालण्यात कमीपणा वाटून घेऊ नका.

एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवा. पावसाळ्याच्या शेवटापासून हिवाळ्यापर्यंत रस्त्यावरच्या कुत्र्यांना पिल्लं होतात. पिल्लंवाली कुत्री दगडाच्या आवाने मागे जात नाही, उलट अंगावर येते. तिच्यापुरता रस्ता बदला किंवा लांबूनच उतरून रस्त्याच्या दुसऱ्या कडेने चाला. महिना-दीड महिन्याचा प्रश्न असतो.

एवढं करूनही एखादं थांबत नाही. सारखं भुंकणारं, पुढे-मागे उड्या मारणारं कुत्रं सहसा नुसता दम देत असतं. डोकं खाली, मानेवरचे केस उभे, दात दिसतायत आणि भुंकणं थांबवून मुकाट जवळ येतंय, ते खरं धोक्याचं. त्याच्यासाठी आधी पाण्याची बाटली. चेपून तोंडावर जोरात धार मारली की आश्चर्य वाटावं इतकी कुत्री थबकतात, आणि चुकून तुमच्या अंगावर उडालं तर पाणीच उडतं. त्यासाठी एक बाटली साध्या पाण्याची ठेवा, सरबताची किंवा ग्लुकोजची नको. हीच बाटली पुढे आणखी दोन कामांना लागणार आहे.

आता स्प्रे. तुम्ही उभे आहात, सायकल मध्ये आहे, कुत्रं तीन मीटरच्या आत आलंय आणि थांबत नाहीये, तेव्हाच तो हातात घ्यायचा. वारा गालावर कुठून लागतोय ते बघा. समोरून लागत असेल तर दाबू नका. सायकलसकट बाजूला सरका म्हणजे वारा पाठीवर किंवा खांद्यावर येईल. तेही जमत नसेल तर पाणी आणि सायकल एवढ्यावरच भागवा. हात सरळ पुढे, तोंड थोडं बाजूला, श्वास रोखलेला. नेम कुत्र्याच्या डोळ्यांवर नाही, त्याच्या नाकाच्या वीतभर पुढे आणि खाली. ते पुढे येत असतं, स्वतःच त्यात शिरतं. दाबणं अर्धा सेकंद, फार तर एक. डबी रिकामी करायची नसते. छोट्या डबीत तसे मोजकेच फवारे असतात आणि टोळी असेल तर दुसरा लागू शकतो. टोळीत सगळ्यात पुढे येणाऱ्यावर मारा, ते मागे फिरलं की बाकीची बहुधा घुटमळतात. नंतर वारा जिकडून येतोय तिकडे मागे सरका, फवारलेल्या जागेतून चालत जाऊ नका. आणि कुत्रं वळलं की संपलं. पळणाऱ्या कुत्र्यावर मागून मारलेला फवारा हा स्वसंरक्षणाचा राहत नाही, सुडाचा होतो.

कुत्र्याला कायमची इजा होते का? दोन-तीन मीटरवरून मारलेल्या छोट्या फवाऱ्याने सहसा होत नाही. यातलं औषध म्हणजे मिरचीचाच अर्क, कॅप्सेसिन. ते कातडी जाळत नाही. उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं, म्हणून भाजल्यासारखं वाटतं. कुत्रं शिंकतं, डोळे मिटतं, तोंड मातीत घासतं, आणि साधारण पाऊण-एक तासात ताळ्यावर येतं. पण हातभर अंतरावरून मारला तर फवाऱ्याच्या जोरानेच बुबुळाला इजा होऊ शकते. पिल्लांवर तर कधीच नाही. बाटलीत घरी तिखट कालवून नेणं, फिनेल, अॅसिड, डिझेल असलं काहीही करू नका. लोक करतात, मला माहीत आहे. त्याने प्राणी आंधळे होतात, आणि भोकात तिखट अडकलेली बाटली ऐन वेळी तुमच्याच हातात फुटते. आवाजाने कुत्री पळवणारी ती छोटी यंत्रंही घेऊ नका. माझ्या अनुभवात एका कुत्र्यावर चालतात, दुसरं ढुंकून बघत नाही. फाटकाबाहेर ठेवलेल्या लाल-निळ्या पाण्याच्या बाटल्यांचा तर काहीच उपयोग नाही.

पिसाळलेल्या कुत्र्यावर स्प्रेचा भरवसा धरू नका. लाळ गळतेय, चाल झोकांड्या खाणारी, दिसेल त्याला चावतंय, असं दिसलं तर सायकल मध्ये धरून तिथून बाहेर पडा आणि जवळच्या माणसांना सावध करा.

डबीबद्दल थोडं. विकत घेताना धुक्यासारखा पसरणारा फवारा टाळा, सरळ धार मारणारी घ्या; वाऱ्यात फरक पडतो. तळाशी वापराची मुदत छापलेली असते. मुदत संपल्यावर तिखटपणा राहतो, पण आतला दाब उतरतो आणि धार तुमच्या चपलेवर पडते. दर तीन-चार महिन्यांनी मोकळ्या मैदानात, आसपास कोणी नसताना, वाऱ्याकडे पाठ करून एक निमिषभर दाबून बघा. सोसायटीच्या जिन्यात, लिफ्टमध्ये कधीही नाही. बंद जागेत दम्याच्या माणसाला ते जीवावर बेतू शकतं. हिच्यावर ५० अंशांच्या वर तापवू नका असं लिहिलेलं असतं, ते खरं माना. एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभ्या सायकलवर किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर सोडू नका. बऱ्याच डब्यांतला वायू पेट घेणारा असतो, तेव्हा चहाच्या टपरीवर स्टोव्हशेजारी काढून दाखवू नका.

ठेवायची कुठे? पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवलेली डबी नसल्यासारखीच. पँटच्या मागच्या खिशात ठेवली तर पडताना तिच्यावरच पडाल. हँडलच्या मधल्या दांड्याला वेल्क्रोच्या पट्टीने बांधा, तोंड पुढे आणि लॉक लावलेलं. घरी लॉक तसंच ठेवून, न दाबता, डबी काढायचा सराव वीस-तीस वेळा करा, डोळे मिटूनसुद्धा. अंधारात तोंड कुठल्या बाजूला आहे हे बोटांना कळलं पाहिजे.

फवारा स्वतःच्या तोंडावर आला तर घाबरू नका, दृष्टी जात नाही. सायकल आडवी टाका, रस्त्यापासून दूर व्हा, वाऱ्याकडे तोंड करा आणि जोरजोरात पापण्या मिटा-उघडा. चोळू नका. हातमोजे आधी काढा. त्यांवर अर्क लागलेला असतो आणि त्याच मोज्याने घाम पुसल्यामुळे दुसऱ्यांदा डोळे जळालेले मी पाहिलेत. मग साध्या पाण्याची ती बाटली. नंतर नळ मिळेल तिथे दहा-पंधरा मिनिटं धुवत राहा. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर हात साबणाने धुऊन काढा आणि फेकून द्या. कातडीला भांड्यांचा साबण चालतो, कारण हा अर्क पाण्यात विरघळत नाही. तेल, तूप, क्रीम लावू नका, आग पसरते. घरी गेल्यावर गरम पाण्याची अंघोळ टाळा. मान पुढे वाकवून गार पाण्याने आधी केस धुवा, नाहीतर केसांतलं सगळं अंगावर उतरतं. तासाभरानंतरही डोळा उघडत नसेल किंवा धूसर दिसत असेल तर नेत्रतज्ज्ञाकडे जा. दमा असेल तर मी म्हणेन स्प्रे ठेवूच नका, पाण्याची बाटली आणि सायकल यांवर भागवा.

कायद्याचं सांगते. स्वसंरक्षणासाठी पेपर स्प्रे बाळगायला आपल्याकडे परवाना लागत नाही. अंगावर येणाऱ्या कुत्र्याला थांबवण्यापुरता तो वापरलात तर तुम्ही गुन्हेगार ठरत नाही. मात्र झोपलेल्या, बांधलेल्या किंवा पळणाऱ्या कुत्र्यावर मारणं ही प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली क्रूरता आहे. प्राण्याला मारलं, विष घातलं किंवा कायमचं अपंग केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मागे लागणारं कुत्रं कोणाचं पाळलेलं असेल आणि मालक त्याला मोकळं सोडत असेल, तर त्याच संहितेचं कलम २९१ मालकाला लागू होतं. असा मालक असेल तर आधी दिवसा जाऊन नीट बोला. बहुतेकांना आपलं कुत्रं रात्री काय करतं हे माहीतच नसतं.

तुमची पँट फाटली त्या दिवशी पोटरीवर ओरखडा होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. हा माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. कातडी फाटली असेल, अगदी रक्त न येता खरचटलं असेल तरी, आजच दवाखान्यात जा. ‘बरेच दिवस झाले’ म्हणून सोडू नका, लस उशिरानेही सुरू करतात. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि वेळेवर घेतलेली लस त्याला जवळजवळ नेहमी वाचवते. पुढे कधी चावलंच तर तिथल्या तिथे जखम धुवायला सुरुवात करा, बाटली त्यासाठीच आहे, आणि नळ मिळाला की साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. हळद, चुना, तिखट असलं काही भरू नका, टाके घालायची घाई करू नका. तुमच्या वाटेवरून ससून किंवा पिंपरीचं यशवंतराव चव्हाण रुग्णालय गाठता येतं. दंडात लस असेल तर ० (म्हणजे पहिला डोस घेतला तो दिवस), ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, कातडीत देत असतील तर ०, ३, ७ आणि २८. रक्त आलं असेल तर जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, द्यावं लागतं. डॉक्टरांना ते स्वतःहून विचारा. रोज रात्री याच रस्त्याने जाणार असाल तर चावण्याआधीच घ्यायच्या लशीबद्दलही विचारून ठेवा. ती झालेली असेल तर पुढे चावल्यावर दोनच डोस लागतात आणि इम्युनोग्लोब्युलिनची गरज राहत नाही.

शेवटी त्या मॅगझिन चौकापुढच्या टोळीबद्दल. येत्या सुटीच्या दिवशी उजेडात तिथून चालत जा. कुत्री कुठे बसतात, कचरा कुठे साठतो, चिकनचं दुकान कुठे आहे, पिल्लं आहेत का, आणि त्यांना खायला कोण घालतं, हे बघा. कान बघा: नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच पाडलेली असते. खाच नसलेली दिसली तर जागेचा फोटो आणि खुणेसह महापालिकेकडे नसबंदी-लसीकरणासाठी तक्रार नोंदवा. दिघीपर्यंतचा भाग पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या ‘सारथी’ हेल्पलाइनवर, कळसपासून पुढचा पुणे महापालिकेकडे. प्राण्यांच्या जन्म नियंत्रणाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे कुत्री नसबंदी करून सहसा त्याच जागी परत सोडतात, त्यामुळे ती नाहीशी होणार नाहीत, पण नव्या पिल्लांची भर थांबते आणि भांडणंही कमी होतात. खायला घालणारा माणूस किंवा रात्रीचा वॉचमन भेटला तर त्याच्याशी दोन शब्द बोला, रोज किती वाजता जाता ते सांगा, आणि त्याच्या देखत त्या कुत्र्यांजवळून सायकल हातात धरून दोन-तीनदा चाला. त्यांना तुमचा वास आणि सायकलचा आवाज ओळखीचा होऊ द्या. माझ्या हाताखाली शिकलेल्या एका मुलीने हेच केलं, आणि पंधरवड्यात तिच्या वाटेवरची कुत्री मान वर करून बघण्यापुरतीच उरली. तिची डबी अजून लॉक लावलेलीच आहे.